वाचक विचारतात : पिल्लू आ वासतं तेव्हा

प्रश्न : बाल्कनीतल्या लटकत्या कुंडीत बुलबुलने घरटं केलंय, तीन पिल्लं आहेत. मी पाणी घालायला गेले की माझ्यासमोरही आ वासतात, मला आई समजतात का? आणि एक जरा बारकं आहे, त्याला कमी मिळतंय असं वाटतं, मी भरवू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, आई वगैरे काही समजत नाहीत. सुरुवातीला डोळेच मिटलेले असतात, कुंडी हलली म्हणजे कोणीतरी आलं एवढंच कळतं आणि माना सरळ वर. टिंबर्गन (१९७३ चे नोबेलवाले) आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९३९ मध्येच कस्तुर जातीच्या पिल्लांवर हे तपासलं होतं, आधी चोच नुसती आभाळाकडे, आणि डोळे उघडून थोडे दिवस गेले की मग आईबापाच्या डोक्याच्या दिशेने, तेही पुठ्ठ्याचं डोकं दाखवलं तरी चालतं.

आता भुकेचं. पिल्लू नुसतं ओरडत नाही, मान किती ताणली, चोच किती पटकन उघडली, आवाज किती भरभर काढला, पुढे कोण घुसलं, हे सगळं एकदम चालू असतं. कॅनरीच्या पिल्लांचं तर भुकेने तोंड आतून जास्त लाल होतं आणि आईबाप लाल तोंडात आधी घास घालतात. म्हणजे जो मोठ्याने ओरडेल त्यालाच मिळतं असं सरसकट नाही. २०१६ मध्ये १४३ जातींची माहिती एकत्र करून बघितली तर असं दिसलं की खाणं बऱ्यापैकी आणि खात्रीचं असेल तिथे आईबाप भुकेल्याकडे लक्ष देतात, पण भरवसा नसेल तिथे जे मोठं दिसतंय त्यालाच भरवतात. कठोर वाटेल, पण चारातली दोन तरी जगावीत असा तो हिशोब. तुम्ही मात्र भरवू नका प्लीज, विशेषतः चोचीत पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

प्रश्न : कावळा इतका हुशार, मग कोकिळेचं पिल्लू त्याला कसं फसवतं? – एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : कोकिळेचं अंडं कावळ्याच्या आधी फुटतं, त्यामुळे पाहुणा आधीच पुढे असतो. कावळ्याच्या पिल्लांना तो सहसा ढकलून देत नाही, त्यांच्याच पंगतीत जेवतो. युरोपातल्या कुकूची (कोकिळेच्याच कुळातला पक्षी) गोष्ट वेगळी, त्याचं पिल्लू सगळ्यांना बाहेर ढकलतं आणि एकटं उरतं. तिथे पाणथळीतल्या बोरूत राहणारा छोटा वटवट्या त्याला वाढवतो. वटवट्या दोन गोष्टी बघतो, उघड्या तोंडांचा एकूण आकार आणि आवाजाचा वेग. कुकूचं तोंड एकच, चार पिल्लांची बरोबरी कशी होणार? म्हणून ते इतकं भरभर ओरडतं की घरट्यात अख्खा गोतावळा आहे असं वाटावं! केंब्रिजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये अशाच घरट्यात दुसऱ्याच जातीचं एकटं पिल्लू ठेवलं आणि शेजारी स्पीकरवर कुकूचा आवाज लावला, तर वटवट्यांनी खाणं वाढवलं.

याच्यावर कडी जपानमध्ये. तिथल्या एका कोकीळकुळातल्या पक्ष्याचं पिल्लू पंख उचलून खालची पिवळी कातडी हलवतं, ती दिसते उघड्या चोचीसारखी, आणि पालक कधीकधी घास चक्क पंखावर ठेवायला जातात :)

प्रश्न : एवढा कालवा केला तर मांजराला कळत नाही का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कळतं की. अमेरिकेत १९९४ मध्ये नकली घरट्यांजवळ पिल्लांचे आवाज वाजवून बघितले, तर जमिनीवरच्या आवाजवाल्या घरट्यांवर जास्त डल्ला पडला. जपानी पिल्लू ओरडण्यापेक्षा पंख दाखवतं त्याचं कारणही बहुतेक हेच, कारण त्याला वाढवणाऱ्यांची घरटी जमिनीलगत असतात. शिवाय बऱ्याच जातींत आईबापाने धोक्याचा आवाज दिला की पिल्लं एकदम चिडीचूप होतात, त्यामुळे घरटं अचानक शांत झालं तर आधी आजूबाजूला मांजर दिसतंय का बघा, आणि तुम्हीच फोटो काढत उभे असाल तर आत जा, तुम्ही हलल्याशिवाय ते खाणं घेऊन येणार नाहीत.