स्टुडिओत काहीतरी बिघडलं म्हणूनच गाजलं, असं रॉक किंवा कंट्रीमधलं एखादं गाणं आहे का?

आहे. मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’. गाणं कंट्रीतलं, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीतातलं, पण त्यातल्या बिघाडाचा खरा फायदा पुढे रॉकला झाला.

नॅशव्हिलच्या क्वॉन्सेट हट स्टुडिओत १९६० मध्ये ते रेकॉर्ड झालं. संथ, विरहाचं गाणं. पियानो, मागे कोरस, सगळं अगदी मऊ. मध्यावर वादक ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बेस गिटारवर छोटासा तुकडा वाजवतो आणि तो आवाज चक्क फाटतो. बंद काचेवर भुंगा धडका देत असावा तसा घरघरतो. रॉबिन्स पुन्हा गायला लागला की जणू काही झालंच नाही! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोनची पिन काढून पुन्हा घातली आणि गाणं मागे नेलं. फाटका आवाज मूळ रेकॉर्डिंगमध्येच होता.

मार्टिनचा बेस मिक्सरच्या ज्या चॅनेलला जोडला होता, त्याचा ट्रान्सफॉर्मर ऐनवेळी गेला होता. खुद्द मार्टिनला तो आवाज आवडला नव्हता. तरी तो टेक तसाच ठेवला गेला, आणि मला या गोष्टीत सगळ्यात मोठा वाटतो तो हाच निर्णय. दुसरा टेक घेणं किती सोपं होतं! आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवतात, नुसत्या स्वच्छ तारेत नसलेला झंकार मुद्दाम आणतात. इथे तशी परंपरा नव्हती, फक्त ऐकणारा कान होता. १९६१ मध्ये हे गाणं कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत दहा आठवडे पहिलं राहिलं.

या रेकॉर्डिंगचा साउंड इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने पुढे सांगितलं की गायिका नॅन्सी सिनात्राला तोच आवाज हवा होता, पण तोवर मिक्सरचं ते बिघडलेलं चॅनेल पुरतं बंद पडलं होतं. मग त्याने ट्रान्झिस्टर वापरून तसा आवाज काढणारं सर्किट बनवलं आणि गिब्सन कंपनीला दाखवलं. १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाने बाजारात आलं. पायाने दाबायची छोटी पेटी. बिघाड हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद.

मे १९६५ मध्ये हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने ती पेटी ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यासाठी वापरली. तीही तात्पुरती! गाण्याच्या सुरुवातीची सुरांची ओळ त्याला ब्रासवर, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी फुंकवाद्यांवर हवी होती. फझ, म्हणजे हा फाटका आवाज, लावला तो ब्रास कसा वाजेल याचा अंदाज यावा म्हणून. बाकीच्यांना मात्र तेच रेकॉर्डिंग पसंत पडलं, ते तसंच बाहेर आलं आणि वर्षअखेरपर्यंत फझ-टोनचा सगळा साठा संपला.

रिचर्ड्सच्या डोक्यात काय होतं ते ऐकायचं असेल, तर त्याच वर्षीचं गायक ओटिस रेडिंगचं ‘सॅटिस्फॅक्शन’ लावा. तिथे ती ओळ खरोखरच ब्रासवर आहे.