एमओएफ बनवताना डीएमएफ काढायचंय? आधी हे बघ

एमओएफ म्हणजे धातू आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू (लिंकर) यांचा बारीक छिद्रांचा सांगाडा, आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मअमाइड) हा तो बनवताना नेहमी वापरला जाणारा घातक सॉल्व्हंट. डीएमएफच्या जागी नुसतं पाणी ओतून तीच रेसिपी चालेल असं समजू नकोस, नवीन लोक बहुतेक इथेच अडकतात. डीएमएफ फक्त विरघळवत नाही, तापवल्यावर ते हळूहळू तुटून डायमिथाइलअमाइन सोडतं आणि तोच बेस लिंकरचे प्रोटॉन काढतो, म्हणजे सॉल्व्हंट बदललास की बेसही गेला. मग लिंकर अॅसिड तसंच न घेता त्याचं सोडियम मीठ करून घे, पाण्यात विरघळतंही आणि बेसचा प्रश्नही सुटतो. अॅल्युमिनियम फ्युमरेट हे एमओएफ असंच पाण्यात ६० अंशाला होतं, सुरुवातीला तेच कर, सोपंय. झेडआयएफ-८ हे एमओएफ तर रूम टेंपरेचरला पाण्यात होतं, फक्त २-मिथाइलइमिडाझोल (त्याचा लिंकर) भरपूर जास्त लागतं (आणि ते धुण्यात जातं, तेव्हा ते किती हिरवं हे तूच ठरव). एचकेयूएसटी-१ या एमओएफला इथेनॉल-पाणी चालतं. एमओएफ-५ मात्र पाण्यात करायला जाऊ नकोस, ओलाव्यानेच मोडतं ते.

डीएमएफऐवजी डीईएफ किंवा एनएमपी (डीएमएफसारखेच सॉल्व्हंट) घेऊन ग्रीन म्हणू नको प्लीज, एनएमपीसुद्धा प्रजननाला घातकच आहे.

अजून एक, धुण्याकडे बघ. सिंथेसिसपेक्षा जास्त सॉल्व्हंट बऱ्याचदा तिथेच जातो, रिअॅक्शन पाण्यात करायची आणि पावडर डीएमएफने धुवायची याला काय अर्थ! इथेनॉलने धू, आणि नाजूक फ्रेमवर्क असेल तर पाणी आत ठेवून थेट तापवू नको, पोअर्स (छिद्रं) कोसळू शकतात. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) जुळलं तरी नायट्रोजन अॅडसॉर्प्शन कर, छिद्रं खरंच शाबूत आहेत का ते त्यातच कळतं.