बारावीनंतर जिऑलॉजी शिकायचं तर कोणती पदवी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यात बारावी सायन्सला आहात, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायो चारही घेतलेत, भूगर्भशास्त्र शिकायचंय. घरचे म्हणतात, सिव्हिल घे, त्यात दगडमाती येतेच. तर पदवी कोणती घ्यावी, गणित लागतं का, आणि मुलींना या क्षेत्रात घेतात का?

मी जिऑलॉजीतच बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केली. सध्या बोगदे आणि धरणांच्या कामांवर खडकाचे कोअर (ड्रिल करून काढलेले दंडगोल नमुने) तपासते. त्यामुळे उत्तर थोडं कामाच्या बाजूने झुकलेलं असेल, ते धरून चाला.

आधी नोकरीच्या जाहिराती वाचा आणि मग पदवी निवडा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (सगळे जीएसआय म्हणतात), केंद्रीय भूजल मंडळ, ओएनजीसी, अणुखनिज संचालनालय, ही या विषयातली मोठी ठिकाणं. तिथल्या भूवैज्ञानिकाच्या पदाला पदव्युत्तर पदवी मागतात. नुसत्या बी.एस्सी.वर खाणीत सॅम्पलिंगचं किंवा बोअरवेलच्या साइटवरचं काम मिळू शकतं, पण तिथून वर सरकणं अवघड जातं. म्हणून हिशोब तीन वर्षांचा धरू नका, पाचाचा धरा. घरच्यांनाही पहिल्या दिवशीच तसं सांगा. नाहीतर बी.एस्सी. झाल्यावर ‘आता अजून किती शिकणार’ हा प्रश्न येतोच.

आता सिव्हिलचं. सिव्हिलच्या अभ्यासक्रमात इंजिनिअरिंग जिऑलॉजी हा बहुधा एखादाच पेपर असतो. बांधकामाच्या जागेवर खडक कसा आहे हे भूवैज्ञानिकाने लिहिलेल्या रिपोर्टवरून समजून घेता यावं, एवढीच त्याची अपेक्षा. सिव्हिल ही उत्तम पदवी आहे, पण ती करून जिऑलॉजिस्ट होता येत नाही. यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून जीएसआयचे भूवैज्ञानिक निवडतात. तिच्या अधिसूचनेत जिऑलॉजी, अप्लाइड जिऑलॉजी, मिनरल एक्सप्लोरेशन, इंजिनिअरिंग जिऑलॉजी अशी पदव्युत्तर विषयांची यादीच छापलेली असते. यादीत तुमचा विषय नसेल तर गुण कितीही असोत, अर्ज बाद. भूगोलाच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.चं तेच. जिओइन्फर्मेटिक्सचंही (कॉम्प्युटरवर नकाशे आणि उपग्रहाची माहिती हाताळण्याचं शास्त्र) तेच, आणि तिथे मुलं हमखास फसतात. कोर्सच्या माहितीपत्रकावर उपग्रहाचा फोटो आणि ‘अर्थ सायन्स’ असे शब्द दिसले की वाटतं आपलाच विषय आहे. जीआयएस (कॉम्प्युटरवरचं नकाशाचं तंत्र) जरूर शिका, आज त्याशिवाय कुठलंच काम होत नाही, पण ते हत्यार म्हणून. मायनिंग इंजिनिअरिंग (आपल्याकडे नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे) आणि पेट्रोलियम इंजिनिअरिंग हे वेगळे पेशे. खनिज कुठे आहे आणि किती आहे हे भूवैज्ञानिक सांगतो, ते बाहेर कसं काढायचं हे मायनिंगवाला बघतो.

मग रस्ते कुठले? सगळ्यात रुळलेला म्हणजे साधी बी.एस्सी. जिऑलॉजी. पुण्यात फर्ग्युसन आणि नौरोसजी वाडिया, मुंबईत सेंट झेवियर्स, अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था, छत्रपती संभाजीनगरची शासकीय विज्ञान संस्था, गोव्यात मडगावचं चौगुले महाविद्यालय, इथे हा विषय शिकवतात. पुढे एम.एस्सी.साठी पुणे, नागपूर आणि गोवा विद्यापीठांचे विभाग आहेत. तुमच्या बाजूला नांदेड आणि सोलापूर विद्यापीठांत भूशास्त्र संकुलं आहेत. बी.एस्सी.ला बहुतेक कॉलेजांत बारावीच्या गुणांवरच प्रवेश होतो, सीईटीची धावपळ नसते.

इथे एक सापळा नवीन आला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) सुरू झाल्यापासून बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर करायचा, अशी रचना आहे. पहिल्या वर्षीच जिऑलॉजी घेतलं नाही तर पुढे ते मेजर करता येणार नाही. आणि केमिस्ट्री मेजर, जिऑलॉजी मायनर असं करून पुढे एम.एस्सी. जिऑलॉजीला जाऊ, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. जिऑलॉजी मेजरच हवं, शेवटच्या सेमिस्टरपर्यंत. तीन वर्षांनी थांबून दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते, किंवा चौथं वर्ष पूर्ण करून ऑनर्स घेतलं तर एम.एस्सी. एका वर्षाची. एकूण वर्षं तेवढीच. माझ्या मते तीन वर्षांनी कॉलेज बदलणं चांगलं, कारण एम.एस्सी.ला वेगळे शिक्षक मिळतात आणि वेगळा खडक बघायला मिळतो.

दुसरा रस्ता आयआयटीचा. खरगपूर, रुरकी आणि धनबाद (१९२६ साली सुरू झालेली इंडियन स्कूल ऑफ माइन्स, २०१६ पासून आयआयटी) इथे बारावीनंतर थेट भूविज्ञानात शिरता येतं. कोर्सची नावं आणि वर्षं अधूनमधून बदलतात, म्हणून चालू माहितीपत्रक बघा. प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डमधून, म्हणजे गणित अटळ. तिथे भूविज्ञानाच्या जागा कॉम्प्युटरच्या मानाने बऱ्याच खालच्या रँकला मिळतात, आणि म्हणूनच अर्धी मुलं नाइलाजाने आलेली असतात. तुम्ही आवडीने गेलात तर त्या वर्गात उठून दिसाल. मुंबईच्या आयआयटीत जायचं तर बी.एस्सी. करून ‘जॅम’ या आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतून अप्लाइड जिऑलॉजीच्या एम.एस्सी.ला जाता येतं. माझ्या ओळखीत हा मार्ग सगळ्यात जास्त जणांना मानवला आहे. बारावीत जेईई जमली नाही तरी तीन वर्षांनी पुन्हा संधी असते, आणि तेव्हा पेपर तुमच्या आवडत्या विषयाचा असतो.

तिसरा रस्ता आयसरचा, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांचा: पुणे, कोलकाता, भोपाळ. प्रवेश आयएटी या त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून. पाच वर्षांची बीएस-एमएस, सुरुवातीला सगळी विज्ञानं, मग पृथ्वीविज्ञानाकडे वळायचं. संशोधन करायचं, पीएच.डी.ला जायचं असं मनात असेल तर यासारखं काही नाही. सरकारी खात्यात भूवैज्ञानिक व्हायचं असेल, तर मात्र तिथली अंतिम पदवी जाहिरातीतल्या यादीत बसते का, हे आधी तपासा. बनारस हिंदू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठाची एक-दोन कॉलेजं सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून बी.एस्सी. ऑनर्स जिऑलॉजी देतात, तोही पर्याय आहे.

गणिताबद्दल. राज्यातल्या बी.एस्सी.ला बारावी सायन्स पुरेसं असतं, बायोवाल्या मुलांनाही प्रवेश मिळतो. पण पुढे काही आयआयटींच्या एम.एस्सी.ला बारावीत किंवा पदवीला गणित असण्याची अट असते. तुमच्याकडे चारही विषय आहेत, तर आता ओझं वाटतं म्हणून गणित सोडू नका. भूजलाचा प्रवाह, भूकंपलहरी, उताराची स्थिरता, सगळीकडे ते लागतं. बायोचा उपयोग जीवाश्मांच्या अभ्यासात होतो. आणि केमिस्ट्री नकोशी वाटत असेल तर खनिजशास्त्राचं पहिलं सेमिस्टर जड जाईल, हे आधीच सांगते.

कॉलेज निवडताना लोक नाव बघतात. मी दोन गोष्टी विचारायला सांगेन. एक, प्रयोगशाळेत चालू अवस्थेतले पेट्रोलॉजिकल मायक्रोस्कोप किती आणि एकावर किती मुलं. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून तो ध्रुवित प्रकाशात बघणं हा या विषयाचा कणा आहे. नुसत्या पुस्तकातल्या फोटोंवरून फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ओळखायला येत नाही. दोन, फिल्डला कुठे नेतात. या दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबते, कारण महाराष्ट्रात तो फार महत्त्वाचा आहे.

आपल्या राज्याचा पाचातला चार हिस्से भाग बेसाल्टने झाकलेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने. पुण्या-लातूरकडचा विद्यार्थी जन्मापासून काळा पाषाण, मांजऱ्या (पोकळ्या असलेला मऊ बेसाल्ट) आणि मुरूम बघत आलेला असतो. विहीर खणणारे गडी मांजऱ्या कुठे आणि पाषाण कुठे हे जितकं अचूक सांगतात, तितकं पहिल्या वर्षाच्या मुलांना येत नाही. घाटात लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात, मध्ये लाल गेरूसारखा पट्टा असतो, पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हन्साइट तर जगभरचे संग्राहक मागतात. हे सगळं सुंदर आहे, पण एकाच प्रकारचं आहे. घड्या पडलेले थर, ग्रॅनाइट, शिस्ट, जीवाश्म असलेला चुनखडक हे न बघता पदवी हातात आली तर जीएसआयच्या मुलाखतीत घाम फुटतो.

म्हणून विचारा: कच्छला नेतात का, जिथे जुरासिक काळातले ॲमोनाइट हातात घेता येतात? बदामी-बागलकोटला? सिंधुदुर्गात, जिथे बेसाल्टखालचे जुने खडक उघडे पडलेत? नागपूरच्या विद्यार्थ्यांना इथे जागेचा फायदा आहे. भंडारा-नागपूरचं मँगनीज, चंद्रपूरचा गोंडवना कोळसा, पिसदुऱ्याचे डायनासोरचे अवशेष, सगळं एका दिवसात जाऊन येण्याजोगं. शिवाय मॉइल ही मँगनीजची सरकारी कंपनी, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि जीएसआयचं मध्य विभागाचं मुख्यालय, सगळी नागपुरातच. पुण्याची हवा चांगली असेल, पण मला पुन्हा निवडायला सांगितलं तर एम.एस्सी.ला मी नागपूर घेईन.

फिल्डवर नुसतं फिरवून आणणं आणि काम करून घेणं यात फरक आहे. १:५०,००० चा टोपोशीट, होकायंत्र, हातोडा आणि भिंग देऊन ‘आज संध्याकाळपर्यंत एवढ्या भागाचा नकाशा करा’ असं सांगणारे शिक्षक मिळाले तर ते कॉलेज सोडू नका. सीनियर मुलामुलींच्या फिल्डबुका मागून बघा. त्यात डिप-स्ट्राइकचे (थराचा उतार आणि दिशा) आकडे आणि स्केचेस असतील तर ठीक. नुसते ग्रुप फोटो दाखवले तर समजून घ्या. हेही खरं की अनेक ठिकाणी विभाग तासिका तत्त्वावरच्या एक-दोन शिक्षकांवर चाललेत. त्यात चांगले शिक्षकही आहेत, पण दर वर्षी बदलणारा माणूस आठवडाभराचा फिल्डकॅम्प कसा आखणार?

मुलींचा प्रश्न. यूपीएससी, एमपीएससी, ओएनजीसी, कुठेच पदवीच्या किंवा निवडीच्या अटीत फरक नाही. अडसर होता तो १९५२ च्या खाण कायद्याचा, त्यात स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदी होती. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ती शिथिल केली. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत भूमिगत खाणीत उतरायची परवानगी स्त्रियांना तेव्हा मिळाली. प्रत्यक्षातल्या अडचणी वेगळ्या: साइटवर स्वच्छतागृह नसणं, गावात राहायला खोली न मिळणं, आणि ड्रिलिंगवाल्यांनी तुमच्याऐवजी सोबतच्या ड्रायव्हरला ‘साहेब’ म्हणणं. शेवटचं पहिल्या कोअर बॉक्सनंतर थांबतं. जीएसआयमध्ये वर्षातले कित्येक महिने फिल्डवर जातात. ते ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी प्रयोगशाळा, रिमोट सेन्सिंग, अध्यापन हे मार्ग आहेत.

नोकऱ्यांचं सांगायचं तर सरकारी बाजूला जीएसआयचा भूवैज्ञानिक गट अ, मूळ वेतन ५६,१०० रुपये, वयोमर्यादा २१ ते ३२. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याचं पद. या जाहिराती नियमित निघत नाहीत, दोन जाहिरातींमध्ये वर्षं जातात, तेव्हा फक्त त्यांच्यावर विसंबू नका. काही सरकारी कंपन्या गेट या परीक्षेच्या गुणांवर घेतात, म्हणून तिचा जिऑलॉजी-जिओफिजिक्सचा पेपर देऊन ठेवावा. खाणउद्योग तेजी-मंदीचा आहे. गोव्यात २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा तिथले भूवैज्ञानिक एका झटक्यात घरी बसले. सध्या सगळ्यात जास्त माणसं लागतात ती मेट्रो, बोगदे, धरणं आणि दरडींच्या कामांना. माळीण, तळीये, इर्शाळवाडीनंतर डोंगरउताराच्या अभ्यासाला कुणी अनावश्यक म्हणत नाही. तुम्ही तर किल्लारीच्या जिल्ह्यातल्या. भूकंप होणार नाही असं मानलेल्या भागात १९९३ ला तो का झाला, यावर अजून काम चालू आहे.

आता लगेच करायचं ते एवढंच. जेईईचा आणि आयएटीचा अर्ज दोन्ही भरून टाका. निवड झाली तर बघता येईल, नाही झाली तरी बी.एस्सी. आहेच. सुट्टीत गावात कुठे विहीर किंवा बोअर चालू असेल तिथे जाऊन बसा. पाणाड्या नारळ फिरवून जागा सांगेल, ती ऐकून घ्या, मग वर येणारा चुरा किती फुटांवर कोणत्या रंगाचा आला ते वहीत लिहून काढा. अशा दोन-तीन विहिरींच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की खडकाचे थर सरळ जातात की तिरके, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. ते करताना कंटाळा आला, तर सिव्हिलचा अर्ज भरायला अजून वेळ असेल.