सही मागायला आलेला भाऊ

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणाल्या, छापत नाही. वडील मागच्या वर्षी गेले, मृत्युपत्र नाही. पाच एकर वावर. आई भावाकडे असते, वडिलांचं दुखणंही त्यानंच काढलं. पाठवलेली राखी पोचली एवढंही कधी न कळवणारा हा भाऊ यंदा दिवाळीआधी साडी घेऊन आला आणि हक्कसोडाचा कागद पुढे केला. "तुह्यं घर भरलं हाय बाई, तुले वावर कायले पायजे? सही नाई देल्ली त माहेर तुटलं समज." नवरा म्हणतो, हिस्सा सोडू नको. ताई विचारतात, मी लोभी आहे का?

बाई,

नाही. पाचही एकर मागणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही, एका वाट्याचा विचार करणाऱ्या तुलाच पडला.

आधी कायदा उरकते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, लग्न झालं म्हणून तो जात नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असली तरी मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगा, मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून तुझं नाव चढलं तर कुणी उपकार करत नाही. उलट हक्कसोड एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला की मागे फिरणं फार कठीण.

भावाची बाजू अगदीच पोकळ नाही. बापाचं दुखणं काढणं सोपं नसतं, आणि सातबाऱ्यावर तीन-चार नावं असली की पीककर्जाला बँक सगळ्यांची संमती मागते. खरिपाच्या तोंडावर बहिणीच्या गावी चकरा माराव्या लागतात. त्याची अडचण एवढीच असेल तर संमतीपत्र दे, वावर त्यालाच वाहू दे. त्यासाठी हक्क सोडावा लागत नाही. हे त्याला बोलून बघ. चेहऱ्यावरून तुला कळेल त्याला कर्ज हवं होतं की वावर.

आता ते माहेर. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा वेचणीचे दिवस आहेत म्हणून कुणी फिरकलं नाही, हे तूच लिहिलंस. महालक्ष्म्यांचं बोलावणं बंद झालं. आईचा चष्मा मात्र तुझ्या बचत गटाच्या पैशातून झाला. बाई, कडू लागेल, पण तुटायचं ते बरंचसं आधीच तुटलंय. सही करून ते सांधलं जाणार नाही. पुढच्या वेळी तो दुसरं काहीतरी मागायला येईल. तुला हवी होती ती विचारपूस. ती मागण्यात लाज कसली?

नवऱ्याचंही ऐक, पण कान उघडे ठेवून. हिस्सा मिळाला तर तो तुझ्या नावावर राहील की त्यांच्या, हे आत्ताच विचारून घे. उत्तर द्यायला वेळ लागला तर तेही लक्षात ठेव.

आणि तुला द्यायचंच असेल तर जरूर दे. कितीतरी बहिणी राजीखुशीनं देतात, त्यांना मी कोण अडवणार? फक्त आधी वकिलाला कागद दाखव. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन कर.

मला खरी काळजी तुझ्या आईची वाटते. पत्रभर ती कुठं बोलतच नाही. वाटा तिचाही आहे, आणि तिच्याकडूनही सही घेतली असेल किंवा घेतली जाईल. दोघींनी सह्या केल्या तर म्हातारपणी तिच्या हातात काय उरेल? तिला चार दिवस तुझ्याकडे घेऊन ये. सुनेसमोर नाही, तुझ्या चुलीपाशी विचार, तिला काय हवंय. तोवर भावाला सांग, आईशी बोलल्याशिवाय मी कशावरच सही करणार नाही. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तर नाहीच नाही.