वटवाघळाचे पंख आणि वीस डॉलर

"ताई, सगळी पोरं दुकानातला पोशाख घालून येणार आणि आमची तेवढी घरी शिवलेला. कमीपणा वाटेल हो तिला."

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक आई व्हिडिओ कॉलवर बोलत होती. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) निम्मा ऑक्टोबर सरला की तिकडच्या मराठी आया हा प्रश्न घेऊन येतातच. ३१ तारखेला हॅलोविन. मुलं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरतात.

पण हिच्या नवऱ्याची नोकरी आठवड्यापूर्वी गेली होती. एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसावर असताना नोकरी सुटली की पुढची सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. लेकीला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ४५ डॉलरचा वटवाघळाचा पोशाख आईनं दोनदा कार्टमध्ये टाकला, दोनदा काढला.

"लेक काय म्हणते?"

"तिला विचारलंच नाही."

बाबा दिवसभर घरी दिसतात, हे आठ वर्षांच्या मुलीला कळत नसेल असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो, देव जाणे. मी एवढंच सुचवलं, की आकडा सांगा. "परवडत नाही" असं मोघम नको. "बाबा नवी नोकरी शोधतायत, यंदा २० डॉलर आहेत, काय करूया?"

पोरगी म्हणे लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसली. जुन्या कपड्यांच्या दुकानातून काळी हुडी आली, ५ डॉलरला. पंखांना मोडकी काळी छत्री. काड्या काढून कापड मधोमध कापलं, अर्धं एका बाहीखाली, अर्धं दुसऱ्या. छत्रीच्या कडेला मुळात कमानी असतातच, त्यामुळे हुबेहूब वटवाघूळ. कानांना आईच्या संक्रांतीच्या काळ्या साडीतलं ब्लाउजपीस, आत पुठ्ठा. अंधारात गाडीवाल्यांना दिसावं म्हणून पाठीवर चमकती टेप. टाके बाबांनी घातले, म्हणून एक पंख वर, एक खाली. आणि विकतच्या पातळ पोशाखावर थंडीत शेवटी जाकीट चढतंच, मग ४५ डॉलर दिसणार कुणाला, हे मला त्या आठ वर्षांच्या बाईंनीच कॉलवर येऊन सुनावलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या कॉलला आईनं फोटो दाखवला. मग फोन बाजूला ठेवून म्हणाली, "ताई, ३४ दिवस उरलेत." हा आकडा तोवर तिनं माझ्यासमोरही कधी उच्चारला नव्हता.