तीन बॉल, ते असो

*अक्का, सा. न. वि. वि.*

*मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, वय 43, उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. आमच्या तालमीची फुटबॉल टीम यंदा लीगमध्ये खाली जाता जाता वाचली. डिफेन्स म्हणजे भगदाड, मिडफिल्ड म्हणजे रविवारचा रिकामा रस्ता आणि स्ट्रायकरचे सीझनभरात चार गोल. पेठेत तालीम आणि टीव्हीवर मँचेस्टर युनायटेड, माझ्या नशिबी दोन्हीकडं एकच रोग. शेवटी मी स्वतः 11 पानी आराखडा केला. सात जणांना नारळ द्यायचा, गोलकीपर गोव्याचा, लेफ्ट बॅक मुंबईचा आणि स्ट्रायकर परदेशी, 6 फूट 2 इंच. त्याचे 26 व्हिडिओ मी बघितलेत. कमिटीच्या बैठकीत वाचायला उभा राहिलो, दुसऱ्या पानावर चहा आला आणि सगळे उठले. स्ट्रायकरच्या अ‍ॅडव्हान्ससाठी भिशीचे 40,000 काढून ठेवलेत, तर मिसेस आठ दिवस बोलत नाहीत. परवा पहाटे रंकाळ्याकडं फिरायला जाताना वाटेत आमच्या तालमीची बारकी पोरं सराव करताना दिसली. वीसेक असतील. बॉल तीन, त्यातला एक उसवलेला. ते असो. मुद्दा हा, की कमिटीला कसं पटवू? आणि मिसेसना?*

*एक वैतागलेला समर्थक*

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सोबत जोडलेली 11 पानंही वाचली, चष्मा पुसून पुसून. सात जणांना काढायची कारणं वाचली, परदेशी पोराची उंची वाचली, कॉर्नरच्या वेळी कुणी कुठं उभं राहायचं त्याच्या चित्रातले बाणही बघितले. मग परत पत्राकडं आले आणि ज्या ओळीवरून तुम्ही टांग टाकून पुढं गेलात, तिथंच बसून राहिले. वीस पोरं, तीन बॉल, एक उसवलेला, ते असो.

‘ते असो’ काय? तेच आहे सगळं. बाकीची 11 पानं असोत.

हिशेब करू या. उसवलेला बॉल धरू नका, लाथ मारली की तो गोलाकडं जातो का गटारीकडं, ते त्यालाच ठाऊक. राहिले दोन. एक तासाचा सराव म्हणजे दोन बॉलची मिळून 120 मिनिटं. पोरं 20. एकेकाच्या वाट्याला सहा मिनिटं. पहाटे साडेपाचला आईनं पांघरूण ओढून उठवलेलं पोर थंडीत हात काखेत घालून उभं राहतं, 54 मिनिटं दुसऱ्याकडं बघतं आणि सहा मिनिटं खेळतं. त्यातही धटिंगण दोन-चार असणारच. ते दहा मिनिटं खेळणार आणि बारक्याला दोनसुद्धा मिळणार नाहीत. ह्या पोरांनी आणखी सात-आठ वर्षांनी तुमचं मिडफिल्ड सांभाळायचं. बॉल आला की पाय गडबडतो, पहिलाच टच तीन फूट लांब जातो, असं तुम्ही पान चारवर आत्ताच्या टीमबद्दल लिहिलंय. का जातो, ह्याचं उत्तर तुम्ही पहाटे रस्त्यावरून बघितलंत आणि रंकाळ्याला गेलात.

मला हे झोंबलं त्याला कारण आहे. मी माहेरची शिवाजी पेठेतली. (हो, तीच, मैदानात तुमच्या पेठेला भिडणारी. तरी तुमचं पत्र फाडलं नाही, ह्याची नोंद घ्या.) आमच्या बोळात तेव्हा एक बॉल होता, आत ब्लॅडर, वरून वादीनं आवळायचा, पावसात भिजला की दगड. ज्याचा बॉल तो ठरवणार कोण खेळणार. माझा भाऊ डाव्या पायाचा होता, चांगला होता असं मोठी माणसं म्हणायची. पण तो बुजरा. भिंतीला टेकून उभा राहायचा, ‘घ्या की मला’ म्हणायचा नाही. दोन वर्षं टेकला आणि मग जायचा बंद झाला. त्याला कुणी वाईट खेळतो म्हणून काढलं नव्हतं. त्याला बॉलच आला नाही. आज तो 66 वर्षांचा आहे आणि अजून टीव्हीवर मॅच लागली की त्याचा डावा पाय सोफ्याखाली हलतो. माझं म्हणाल तर बॉल भिंतीवरून अंगणात यायचा तेवढाच माझा. हातानं उचलून द्यायचा असायचा. मी लाथेनं द्यायची. आई ओरडायची.

आता तुमच्या युनायटेडकडं. तुम्ही दोन पानं खर्ची घातलीत म्हणून मी भाच्याला फोन केला. तो त्यांचा भक्त आहे, तुमच्यासारखाच वैतागलेला. तासभर बोलला, मी लिहून घेतलं. युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन 2013 ला क्लबला विसावी लीग जिंकून देऊन निवृत्त झाले, त्यानंतर एकही नाही. पोग्बा नावाचा पोरगा त्यांच्याच अकादमीत शिकला, 2012 ला जवळपास फुकटात गेला. 2016 ला तोच 8 कोटी 90 लाख पौंडांना परत आणला आणि 2022 ला पुन्हा फुकटात गेला. एक मॅकटॉमिने. पाच वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडं. 2024 ला त्याला नापोलीला विकला. पुढच्याच मे महिन्यात नापोली इटलीची लीग जिंकली, शेवटच्या मॅचला पहिला गोल त्याचाच आणि सीझनचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याच सीझनला युनायटेड 42 गुण घेऊन पंधरावे. भाचा इथं थोडा वेळ गप्प होता.

ह्याच क्लबची दुसरी एक गोष्ट त्यानं सांगितली. 1937 च्या ऑक्टोबरपासून आजवर त्यांचा असा एकही सामना झाला नाही, ज्यात टीमच्या यादीत घरचा, त्यांच्याकडंच तयार झालेला एकही पोरगा नव्हता. महायुद्ध झालं, विमान अपघातात टीम गेली, तरी हे चुकलं नाही. तेवढ्यानं ते जिंकतात असं नाही, पंधरावे आलेच की. पण कितीही पैसे उधळले तरी त्यांनी ते एक दार बंद केलेलं नाही. तुमच्या 11 पानांत ते दारच नाही. तिथं सगळे गाडीतून उतरतात. कुणी मडगावहून, कुणी दादरहून, कुणी विमानातून.

बाहेरचा खेळाडू आणू नका, असं मी म्हणत नाही. शाहू स्टेडियमवर परदेशी पोरं खेळतात, पब्लिकला आवडतात, मलाही आवडतात. घरापासून हजारो मैल लांब येऊन पेठेतल्या एका खोलीत राहायचं, तांबडा रस्सा पचवायचा आणि एक मॅच वाईट गेली की गॅलरीतल्या पाच हजार मामांच्या शिव्या न कळता ऐकायच्या, ह्याला काळीज लागतं. पण तो मे महिन्यात जाणार. पुढच्या वर्षी पैसे जास्त देणाऱ्या पेठेकडं जाणार, आणि जावंच त्यानं, त्याचं पोट आहे. मग तुम्ही बारावं पान लिहायला बसणार.

तुमच्या क्लबच्या नावात ‘तालीम’ आहे ना? तालीम म्हणजे शिकवण. पैलवान तयार करायची जागा. तिथं वस्ताद असायचा, बारका पोरगा आला की आधी त्याला माती उकरायला लावायचा, मग जोर, मग बैठका, आणि कितीतरी महिन्यांनी पहिला डाव. तयार पैलवान विकत आणून हौद्यात उभा केला आणि म्हणाले ही आमची तालीम, असं कुणी केलं असतं तर तुमच्या आजोबांनी काय म्हटलं असतं, ते इथं छापता येणार नाही.

2017 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला. निळ्या जर्सीत आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव दिसला तेव्हा आपण सगळे टीव्हीपुढं छाती फुगवून बसलो होतो, पेठ कुठली हे कुणी विचारलं नाही. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं त्याला घडवलं हे खरं, पण त्याच्याही आधी कधीतरी, कुठल्यातरी मैदानावर, त्या पोराला बॉल मिळाला होता. सहा मिनिटांपेक्षा जास्त.

आता एक विचारते, राग मानू नका. त्या परदेशी स्ट्रायकरची उंची तुम्हाला पाठ आहे, वय पाठ आहे, तो कुठल्या पायानं मारतो ते पाठ आहे. त्या वीस पोरांपैकी एकाचं नाव सांगा. तुमच्याच गल्लीतली असतील. एखाद्याचा बाप तुमच्याबरोबर शाळेत असेल. आणि त्या पोरांना उठवून, मैदानावर आणून, दोन बॉलवर तासभर धरून ठेवणारा कोणीतरी माणूस तिथं असणारच, वीस पोरं आपोआप रांगेत उभी राहत नाहीत. पान नऊवर तुम्ही लिहिलंय, ‘तालमीला समर्पित प्रशिक्षक नाही.’ मग पहाटे साडेपाचला तिथं कोण असतो, भूत?

कमिटीला कसं पटवू, असं विचारलंत. पटवू नका. ज्या बैठकीत चहा आला की आराखडा संपतो, तिथं पुढच्या वेळी भजी येतील. 11 पानं कपाटात ठेवा, छान लिहिलीत, बाण तर फारच छान.

मिसेसच्या बाजूनं मी चार ओळी लिहीन असं तुम्हाला वाटलं असेल. नाही लिहीत. त्यांनी आठ दिवस बोलणं टाकलंय म्हणजे त्यांना काय करायचं ते नीट कळतंय. त्यांचा डिफेन्स तुमच्या टीमपेक्षा बरा आहे. तुम्ही फक्त 40,000 आज संध्याकाळी त्यांच्या हातात परत द्या, आणि मग त्यांच्यापुढं बसून 13,600 मागून घ्या. मागून. कशाला हवेत ते सांगा. त्या हसतील, कदाचित नाही हसणार, पण मला वाटतं देतील. नाहीच दिले तर वर्कशॉपच्या गल्ल्यातून काढा.

कारण सरावाचा बरा बॉल साधारण 800 रुपयांना येतो आणि तुम्हाला 17 हवेत. सतरा आणि तीन वीस. पोरामागं एक. उसवलेला टाकू नका, चांभाराकडून शिवून घ्या, वीस झाले पाहिजेत. पोरं बारा वर्षांच्या आतली असतील तर पाच नंबरचा घेऊ नका, मोठ्यांचा असतो तो, चार नंबरचा घ्या. दुकानदार पाच नंबर गळ्यात मारायला बघेल, ऐकू नका.

ह्यानं पुढच्या सीझनला काही होणार नाही, हेही सांगून ठेवते. खाली जायचे असाल तर जाल. 1974 ला युनायटेडसुद्धा खालच्या डिव्हिजनला गेले होते, वर्षभरात वर आले. तुम्हाला तीन वर्षं लागतील, पाच लागतील. पेठ तुम्हाला चिडवेल, आमची पेठ तर जास्तच चिडवेल, माझा भाऊ स्वतः येऊन चिडवेल. तरी चालेल. तोवर त्यातल्या एकाचा पहिला टच तीन फुटांवरून एका फुटावर आलेला असेल आणि ते तुम्ही बघितलेलं असेल, व्हिडिओत नाही.

रविवारी पहाटे रंकाळ्याला जायचं नाही. साडेपाचला मैदानावर जायचं, बॉल जाळीत भरून खांद्यावर टाकून. भाषण नको, तालमीच्या भविष्याबद्दल एक शब्द नको, फोटो तर अजिबात नको. जो माणूस पोरांना धरून असतो त्याच्यापुढं जाळी ठेवायची आणि विचारायचं, हवा कुठं भरू? मग कडेला बसून एकेक बॉल भरून द्यायचा आणि ज्याला द्याल त्याला नाव विचारायचं. वीस नावं. पुढच्या पत्रात मला तेवढीच लिहून पाठवा, आराखडा नको.

आणि पंपाची सुई बॉलमध्ये कोरडी घालू नका, आधी जिभेवर ओली करा, नाहीतर आतला वॉल्व्ह फाटतो. सुया दोन घ्या. एक हरवतेच.

तुमची,
अक्का