तारीख मागे जाते, पीसी मधेच बंद पडतो

प्रश्न: डेस्कटॉप ११ वर्षांचा आहे. रोज तारीख मागे जाते आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो. रॅम दोनदा बदलली, तरी तेच. काय करू?

उत्तर: रॅमवर आता खर्च नका करू, ही बहुतेक दोन वेगळी दुखणी आहेत. तारखेचं सोपंय, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल (बहुधा सीआर २०३२) संपलाय, तो बदला. बंद पडण्याचं मात्र नीट बघा, बहुधा प्रोसेसर तापत असावा; प्लग काढून झाकण उघडा, प्रोसेसरच्या फॅनखाली धुळीची अक्षरशः गोधडी झालेली असते, ती ब्रशने काढा आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावा. तरीही बंद पडला तर दुसरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लावून बघा, पण जुना उघडायचा नाही हां, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.